साठ किलोचा पाहुणा

"काकू, कात्रजच्या जुन्या घाटात एक वासरू बसलंय. पण ते भुंकतंय."

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये आलेला हा फोन. वासरू म्हणजे ग्रेट डेन या उंचनिंच जातीचा कुत्रा निघाला. राखाडी रंगाचा, लांबूनही बरगड्या मोजाव्यात असा. गळ्यात चांगला कातडी पट्टा, आणि पट्ट्याला लोंबणारी वीतभर साखळी, कापलेली. काट्यावर ४१ किलो भरला. त्याच्या उंचीच्या नराचं वजन साठीच्या पुढे असायला हवं. उठवायला गेलं की आधी आपल्याकडे बघायचा, मग आभाळाकडे, आणि मग सावकाश उठायचा. म्हणून त्याचं नाव रावसाहेब पडलं.

मी बँकेत कॅशियर होते, आता निवृत्त. वय ६३, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. दहा किलो तांदळाची पिशवीसुद्धा मला उचलत नाही. तरी मोठ्या जातीच्या बेवारस कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या गटात मी आठ वर्षं टिकून आहे. या आठ वर्षांत जिममध्ये जाणारे, कुत्र्यांवर जीव ओवाळून टाकणारे कितीतरी जण आले आणि तिसऱ्या रविवारनंतर दिसेनासे झाले. प्रेम त्यांच्याकडे भरपूर होतं, वार ठरलेला नव्हता. तुम्हाला यायचं असेल तर आधी कॅलेंडर बघा. आठवड्यातला एक वार, दोन तास, वर्षभर. एवढं जमत असेल तर पुढचं वाचा.

कुत्र्याच्या आधी दवाखाना

पहिली फेरी शेडवर, म्हणजे आम्ही कुत्रे ठेवतो तिथे, मारू नका, तुमच्या डॉक्टरांकडे मारा. रेबीजची लस कुत्रा चावण्याच्या आधीही घेता येते, हे अजून बऱ्याच लोकांना माहीत नसतं. पहिल्या दिवशी एक आणि सातव्या दिवशी एक. काही डॉक्टर २१व्या किंवा २८व्या दिवशी तिसरीही देतात. ती घेतली म्हणजे चावल्यावर काहीच करायचं नाही, असं मात्र नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. पंधरा मिनिटं फार लांब असतात, घड्याळ लावून बघा. मग त्याच दिवशी एक आणि तीन दिवसांनी एक असे दोन डोस घ्यायचे. आधी लस घेतलेली असेल तर जखमेत टोचायचं सीरम लागत नाही, हा मोठाच फायदा. हळद, चुना, मिरची यांतलं काहीही जखमेवर लावायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शनही आठवणीने घ्या.

पावसाळ्यात शेडवर गमबूट आणि हातमोजे. उंदरांच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंचा आजार, पसरतो, कुत्र्यांना होतो आणि आपल्यालाही. एका मुलीने फ्लोटर घालून चिखलात काम केलं, पायाला साधी चीर होती, पुढे दहा दिवस ती तापाने फणफणली होती. तो लेप्टोच होता की नाही हे तेव्हा कळलं नाही, पण त्या दिवसापासून गमबुटांचे चार जोड शेडच्या दारातच ठेवलेले असतात.

फोन घ्यायला शिका

सगळ्यात कमी लोक जे काम मागतात आणि सगळ्यात जास्त गरज ज्याची असते, ते फोनचं. ते मी करते, घरी बसून, वही उघडून.

"कात्रजला कुत्रा आहे" हा काही पत्ता नव्हे. बोगद्याच्या अलीकडे की पलीकडे, कुठल्या हॉटेलासमोर, रस्त्याच्या कुठल्या बाजूला, हे विचारा. कुत्रा उभा आहे की बसलेला? उठतो तेव्हा चारही पाय टेकतो का? गळ्यात पट्टा आहे का? फोटो मागवा, आणि फोटोत शेजारी मोटरसायकल, बादली असं काहीतरी येऊ द्या. नाहीतर "प्रचंड मोठा आहे हो" म्हणून आपण टेम्पो न्यावा आणि गुबगुबीत लॅब्राडॉर निघावा, हे चारदा झालंय. फोन करणाऱ्याला सांगा, पाठलाग करू नका. लांब, त्याला दिसेल असं बसा, पाणी ठेवा. घाबरलेला कुत्रा हायवेवर धावला तर खेळ संपला.

पट्टा असलेला प्रत्येक कुत्रा टाकून दिलेलाच असतो असं धरून चालू नका. दिवाळीच्या फटाक्यांत, लग्नाच्या वरातीत घाबरून पळालेले कितीतरी असतात. काही मालक ओळखीसाठी कातडीखाली इवलीशी चिप बसवून घेतात, म्हणून आधी खांद्यांच्या मधोमध चिपचा स्कॅनर फिरवायचा. चिप असली तर पंधरा आकडी नंबर येतो. नंबर कुठे नोंदवलेलाच नसेल तर पुढे वाट बंद, पण आम्ही एका रॉटवायलरला याच नंबरावरून बिबवेवाडीत घरी पोचवलं. त्याची मालकीण आठ दिवस जेवली नव्हती. हरवल्याची जाहिरात फिरवताना एक खूण मुद्दाम लपवा, कानातला डाग किंवा मोडलेलं नख. मालक म्हणून येणाऱ्याने ती सांगायला हवी. मोठ्या जातीचा कुत्रा फुकट मिळतोय म्हटलं की मालक तीन-तीन निघतात.

आता फोनमधला अवघड भाग. मालक स्वतः फोन करतो: "आमच्याकडून आता होत नाही, घेऊन जा." तीन महिन्यांचं पिल्लू मांडीत मावत होतं, वर्षाचं झाल्यावर ते डायनिंग टेबलावरचं उभ्या उभ्या खातं. बदली होते, बाळ येतं, सोसायटीत भांडण होतं. एप्रिल-मेच्या पुण्यात सेंट बर्नार्ड पाळणारे लोक आहेत, बर्फातल्या डोंगरांवरचा दाट केसांचा कुत्रा, आणि विजेचं बिल बघून ते घाम पुसतात. मार्च २०२४मध्ये केंद्र सरकारने तेवीस जातींच्या बंदीचं पत्र काढलं, त्यात रॉटवायलरही होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं, पण तेवढ्या काळात माझ्या वहीची पानं भरली होती.

अशा वेळी जीभ शिवशिवते. माझी एकदा सुटली. वाघोलीकडच्या एका गृहस्थांना मी फोनवर चांगलंच फैलावर घेतलं. पाच वर्षांची मास्टिफ, कारण काय तर नवीन सोफा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन बंद. ती मास्टिफ आम्हाला कुठेच सापडली नाही. त्या रागाने मला काय मिळालं? दोन मिनिटं बरं वाटलं.

तेव्हापासून मी एकच वाक्य घोकलंय: "तुम्ही फोन केलात हे चांगलं केलंत." मग हळूच लसीकरणाची फाइल मागते, खाण्याच्या सवयी विचारते, चावलाय का कधी, ते विचारते. आणि एका कागदावर मालकी सोडत असल्याचं लिहून घेते. त्याला आम्ही गमतीने हक्कसोडपत्र म्हणतो. त्याशिवाय कुत्रा घेऊ नका, महिन्याने मन बदललं की तेच गृहस्थ चोरीची भाषा करतात. प्राण्याला उपाशी-तहानेला टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११व्या कलमाखाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत धड मिसळ येत नाही. तेव्हा कायद्याचा धाक घालून कुत्रा वाचेल या भ्रमात राहू नका.

उचलणं

सिमेंटची गोणी पन्नास किलोची असते. ती हलत नाही, घाबरत नाही, तिला दात नसतात. साठ किलोचा जखमी कुत्रा उचलण्याआधी हे मनाशी म्हणा.

एकट्याने उचलायचं नाही, कितीही दंड असले तरी. जाड चादर किंवा ताडपत्री कुत्र्याच्या पाठीकडून सरकवायची, तिच्यावर त्याला ओढून घ्यायचं आणि चौघांनी चार कोपरे धरायचे. पाठीला मार वाटत असेल तर खाली प्लायवूडची फळी हवी. आमची फळी जुन्या बाजारातून आणलेली आहे, कुणाच्या तरी कपाटाचं दार. कडी अजून आहे, धरायला बरी पडते.

मुसकं बांधा. दुखत असताना घरचा लाडका कुत्राही चावतो, त्यात त्याचा दोष नाही. पण जो धापा टाकतोय किंवा ओकतोय त्याचं तोंड कापडाने आवळायचं नाही, जीव जाईल.

गाडी म्हणजे आमच्या ओळखीच्या टेम्पोवाल्या मामांचा छोटा हत्ती. रावसाहेब त्यात चढायला तयार नव्हता. आम्ही सहा जण त्याला समजावत होतो, मामा बाजूला तंबाखू मळत होते. शेवटी मामाच वर चढून आडवे झाले आणि डोळे मिटले. पाच मिनिटांनी रावसाहेब वर चढून त्यांच्या शेजारी बसला. हे तंत्र कुठल्या पुस्तकात असेल तर मला माहीत नाही.

टेम्पोच्या पत्र्यावर रबरी चटई किंवा ओलं तरट टाका. उन्हाळ्यात तो पत्रा तव्यासारखा तापतो. कुत्र्याचा पट्टा गाडीच्या दांडीला बांधून मोकळे होऊ नका. त्याने बाहेर उडी मारली तर फास बसतो. एक माणूस मागे बसणार, म्हणजे बसणार. उन्हाने झोडपलेला कुत्रा असेल तर पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, वारा घाला आणि निघा. कुत्र्याचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे अंग गरम लागलं म्हणून घाबरू नका. १०४च्या वर गेलं की मात्र सिग्नलला चहासाठी थांबायची वेळ नाही.

पहिले दिवस

उपाशी कुत्रा बघितला की आपल्या लोकांचा हात सढळ होतो. कुणी अर्धा किलो चिकन आणतं, कुणी पार्ले-जीचा पुडा. थांबा. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपेट दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात आणि तो खाऊन मरतो. वाटीभर, दिवसातून पाच-सहा वेळा, डॉक्टर सांगतील त्या बेताने वाढवत न्यायचं. रावसाहेबाला पूर्ण ताटापर्यंत यायला पंधरवडा लागला. कांदा घातलेला भात, मनुका, चॉकलेट या गोष्टी शेडच्या आसपासही नकोत.

आंघोळ नंतर. आधी गोचिडी बघा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली. बोटांनी चिरडू नका. मग ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी हव्यात. पांढुरक्या असतील, नाकातून रक्त येत असेल, ताप असेल तर गोचीडतापाची शंका घ्या आणि रक्त तपासून प्लेटलेट बघा. औषधाचा कोर्स बहुतेकदा चार आठवड्यांचा असतो. आठव्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागतो आणि माणसं गोळ्या विसरतात. मंगळवारी पाळी असलेल्या माणसाचं काम म्हणजे औषधांच्या तक्त्यात त्या दिवशीच्या गोळीच्या चौकटीत स्वतःच्या अक्षरात वेळ लिहिणं.

मोठ्या कुत्र्याला फरशीवर झोपवू नका. सगळं वजन कोपरांवर येतं, आधी घट्टे पडतात, मग पाण्याने भरलेल्या गाठी होतात. घरातल्या जुन्या गोधड्या द्या. साड्यांच्या असल्या तर उत्तम, लवकर वाळतात. माझ्या आईची इरकली नऊवारी अशी एका डेनखाली गेली. आईला हे कळलं असतं तर तिने दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी दुसरी दिली असती.

मैना

पोट फुगलं की लगेच दवाखाना, हे शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, पण तिथे कारण लिहिलेलं नाही, ते इथे सांगते.

मैना काळी डेन होती, सहा वर्षांची. संध्याकाळी जेवली आणि थोड्या वेळाने अस्वस्थ फेऱ्या घालायला लागली. ओकायला जायची, तोंडातून फेसाशिवाय काही यायचं नाही. पाळीवरचा मुलगा नवा होता, मनाने चांगला. त्याला वाटलं ॲसिडिटी झाली, त्याने ताक पाजलं. मला फोन केला तेव्हा मीही "थोडा वेळ बघ" म्हटलं. तिचं पोट डाव्या बाजूला नगाऱ्यासारखं ताणलं होतं, हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तीन तासांनी दवाखान्यात पोचलो तेव्हा ती संपत आली होती.

खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांमध्ये जठरात वायू भरतो आणि जठर स्वतःभोवती पीळ खातं. रक्तपुरवठा बंद होतो. त्यावर ताक नाही, ओवा नाही, घरगुती काहीही नाही. लगेच शस्त्रक्रिया हाच उपाय. रिकाम्या उलट्या, फुगलेलं पोट, लाळ, बेचैनी यांतल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की गाडी काढा आणि गाडीतून फोन करा. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कुठला, हे दुपारीच माहीत करून ठेवा. आता आम्ही एका मोठ्या जेवणाऐवजी दोन-तीन वेळा वाढतो, हावरटांना ताटात मोठा गोटा ठेवून देतो म्हणजे सावकाश खातात, आणि जेवणानंतर तासभर पळवत नाही. मादीची नसबंदी करतानाच जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून शिवून घेता येतं, मग पीळ बसायचा धोका फार कमी होतो. डॉक्टरांना आधी विचारा, दोनदा पोट उघडायला नको.

तो मुलगा अजून येतो. गुरुवारी.

घर बघायला जाणं

दत्तक मागणाऱ्याचं घर बघायला जाणं हे माझ्या आवडीचं काम. गुडघे चालतात तोवर मी सोडणार नाही.

दार उघडलं की फरशी बघा. गुळगुळीत चकचकीत टाइल्सवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, आणि खुबे आधीच कच्चे असतील तर महिन्यात लंगडेल. चटया टाकायची तयारी आहे का? मजला कितवा? लिफ्ट नसलेला तिसरा मजला आज चालेल, पण डेनचं आयुष्य सात ते दहा वर्षांचं. शेवटच्या वर्षी त्याला खाली कोण नेणार? कंपाउंडची भिंत छातीपर्यंत हवी, गेटच्या खालची फट हाताने मोजा. भाड्याचं घर असेल तर मालकाची चिठ्ठी. सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, पण सेक्रेटरींना आधी भेटून या. नियम आपल्या बाजूने असला तरी लिफ्टमध्ये रोज त्यांच्याच सोबत जायचं असतं.

प्रश्न गप्पांच्या ओघात विचारा. दिवाळीत गावाला जाता तेव्हा? सकाळी सहाला कोण उठतं? आजींना काय वाटतं? आणि स्वयंपाकघरात जाऊन कामाला येणाऱ्या मावशींना विचारा. केसांचा झाडू, लाळेची फरशी त्यांच्याच वाट्याला येणार. एका घरात सगळे होकार देत होते आणि मावशी भांडी जरा जास्तच आपटत होत्या. मी तिथे कुत्रा दिला नाही.

बावधनमध्ये एका बंगल्यात फार आदराने स्वागत झालं. साहेबांना "सिक्युरिटीसाठी" रॉटवायलर हवा होता. बागेत खांब आणि नवी साखळी तयार होती. चहा प्यायले आणि आले. तो रॉटवायलर पुढे धायरीत एका निवृत्त जोडप्याकडे गेला, तळमजल्यावर. तिथे तो दुपारी काकांच्या पायांवर डोकं ठेवून झोपतो, त्यामुळे काकांना उठता येत नाही, अशी काकूंची तक्रार आहे.

पांढराशुभ्र ग्रेट डेन कुणी मागितला तर दोनदा विचार करायला लावा. ठिपकेरी आई-बापांची अशी पांढरी पिल्लं पुष्कळदा जन्मतः बहिरी असतात. आमच्याकडे एक होता. त्याला हाक मारायची तर जमिनीवर पाय आपटायचा. झोपेतून उठवायचं तर आधी नाकापाशी हात न्यायचा, मग खांद्याला स्पर्श. आठ वर्षांची एक मुलगी त्याला हातवारे करून "बस" शिकवून गेली. मोठ्यांना ते जमत नव्हतं, कारण आम्ही हातवारे करता करता बडबडत होतो.

पैसे

यावर थोडंच बोलते, नाहीतर सवयीने लांबेल. प्रत्येक कुत्र्याचं स्वतंत्र पान. प्रत्येक रुपयाची पावती. कुणी प्रेमाने पाचशेची नोट हातात कोंबली तरी पावती. डॉक्टरांचं बिल भरल्या दिवशीच देणगीदारांना फोटो. तुम्हाला कुत्र्यांची भीती वाटत असेल पण हिशेब येत असेल तर आम्हाला तुमचीच जास्त गरज आहे.

सध्या मंगळवार सकाळची पाळी रिकामी आहे, साडेसहा ते साडेआठ. पहिले चार मंगळवार फक्त झाडलोट आणि पाण्याची भांडी घासणं, कुत्र्याला हात नंतर. जुने बूट घाला, कानातले लोंबते डूल घरी ठेवा, ओढणी नको. आत आल्यावर गेटची खालची कडी आधी लावा, मग वरची. वरची रावसाहेबाला नाकाने उघडता येते.